चालत आलेल्या गाड्या

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन बघायला जाताना बरोबर निदान एक जण तरी असा हवा, ज्याला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. बाकीचे एकमेकांवर इंजिनांचे आकडे फेकत असतात आणि हा मध्येच असं काहीतरी विचारतो की सगळ्यांची बोलती बंद. आमच्या चौकडीत हे काम मास्तर करतो. मास्तर कुठेही शिकवत नाही. अक्षर वळणदार, म्हणून कधीतरी पडलेलं नाव. दुसरा मिस्त्री, जो स्वतःच्या गाडीचं बॉनेट दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. तिसरा सारथी: गाडी त्याची, चालवणार तोच, गाणीही त्याच्याच आवडीची. चौथा मी. मला पुस्तकातल्या गाड्या पाठ आहेत, पण टायर बदलायची वेळ आली की आधी मिस्त्रीची आठवण होते.

निघालो पहाटे, आणि उजाडायच्या आत वाद सुरू. व्हिंटेज म्हणायचं कुणाला? सारथ्याच्या मते आपल्या लहानपणी रस्त्यावर दिसायच्या त्या सगळ्या व्हिंटेज. मिस्त्रीला हे ऐकूनच उचकी लागली. जाणकारांच्या दुनियेत या बाबतीत सोवळं कडक असतं. ब्रिटनमधला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब 1934 साली निघाला आणि त्यांच्या लेखी व्हिंटेजची रेघ 1930 च्या अखेरीला संपते. म्हणजे क्लब निघाला तेव्हा त्यातल्या सगळ्यात नव्या गाड्या धड पाच वर्षांच्याही नव्हत्या! ‘आमच्या वेळचं आता राहिलं नाही’ म्हणायला माणसाला फार थांबावं लागत नाही, हे मास्तरचं मत. दर नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनला जुन्या गाड्यांची फेरी निघते, तिथलं सोवळं आणखी कडक. 1905 उजाडण्यापूर्वी बनलेली गाडी असेल तरच प्रवेश. 1896 साली इंग्लंडमध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी चार मैलांवरून चौदा मैलांवर गेली, गाडीपुढे माणूस चालत ठेवायची सक्ती उठली, त्या आनंदात 14 नोव्हेंबरला मंडळी गाड्या घेऊन ब्रायटनला गेली होती. त्याची आठवण म्हणून ही फेरी.

‘‘म्हणजे त्याआधी माणूस पुढे आणि गाडी मागे?’’ मास्तरने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मग गाडी कशाला घ्यायची?’’

यावर उत्तर नव्हतं.

रस्त्याचा विषय निघाला की मला बर्था बेंझ आठवतेच, आणि आठवली की मी ती सगळ्यांना ऐकवतो. ऑगस्ट 1888. नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझने, तीन चाकांची मोटार बनवून पेटंट घेऊन ठेवलेलं, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. बर्थाने एके दिवशी दोन मुलांना घेतलं, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि मॅनहाइमहून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. पेट्रोल पंप नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती; वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रॉइन घेतलं, जे तेव्हा डाग काढायला वापरत. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाची तार उघडी पडली तर मोज्याचा पट्टा गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की मुलं खाली उतरून गाडी ढकलत. परतल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे.

जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारसफर ही अशी. तिच्यात गाडीने माणसांना नेलं तितकंच माणसांनीही गाडीला नेलं. आमच्या गाडीत मात्र सारथी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने गाणं बदलत होता, रस्ता एक बाई फोनमधून सांगत होत्या आणि इंजिन चालू आहे की नाही हे कळायला काट्याकडे बघावं लागत होतं.

पुढे एका लांबलचक वळणावर गाड्यांची रांग लागलेली दिसली. अपघात असेल असं वाटलं. रांग हलत होती, पण हळू. आणि गंमत म्हणजे कुणीच हॉर्न वाजवत नव्हतं. जरा पुढे सरकलो तेव्हा कारण दिसलं. सगळ्यांच्या पुढे एक काळपट हिरवी उघडी गाडी, मागे सुटं चाक बांधलेलं, उंच अरुंद टायर, आणि आत टोपी-गॉगल घातलेले एक काका आणि शेजारी गुडघ्यांवर पिशवी घेतलेल्या काकू. वळायचं असेल तर काका उजवा हात सरळ बाहेर काढायचे. मागच्या लहान गाड्यांतल्या मुलांना हा हात कशासाठी ते कळलंच नसावं. ती परत हात हलवून त्यांना टाटा करत होती.

सारथ्याला सहज पुढे काढता आली असती. नाही काढली. बराच वेळ आम्ही काकांच्या मागेच राहिलो. चढ लागला की त्यांची गाडी दम खायची. मग इंजिनाचा आवाज एकदम पडायचा, पुन्हा वर चढायचा आणि मग गिअर लागायचा. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होता. ‘‘डबल क्लच मारतायत,’’ तो म्हणाला.

मास्तरसाठी खुलासा करावा लागला. आपण आज क्लच दाबतो, गिअर टाकतो, सोडतो. त्या काळात गिअरबॉक्समधल्या दातेरी चक्रांचा वेग जुळवून देणारी यंत्रणा नव्हती. ही यंत्रणा, म्हणजे सिंक्रोमेश, पहिल्यांदा आली ती 1928 साली, कॅडिलॅकमध्ये. त्याआधी हा हिशेब ड्रायव्हरने करायचा. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, अंदाजाने ॲक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. अंदाज बरोबर असेल तर लोण्यासारखा बसतो. चुकला तर सगळ्या रस्त्याला कळतं. काकांचा एकदाही चुकला नाही.

‘‘म्हणजे सगळ्या गाड्या अशाच चालवत आणतात?’’ मास्तरने विचारलं.

तेवढ्यात आमच्या शेजारून एक मोठा बंद ट्रेलर सुसाट गेला. मागच्या दारावर झळाळत्या गाडीचं चित्र. मिस्त्रीने नुसती मान त्या दिशेने केली.

मैदानावर पोचलो तेव्हा रांगा लागलेल्या होत्या. पहिल्या नजरेत डोळे दिपतात हे खरं. पितळेचे दिवे, निकेलची जाळी, बोनटावरच्या पऱ्या आणि पक्षी. रोल्स-रॉइसवरची ती पुढे झुकलेली स्त्री 1911 साली चार्ल्स साइक्सने घडवली; तिच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी की मागची गाडी दिसतच नव्हती. अर्धा तास असं हिंडल्यावर मला नेहमी जे होतं ते झालं: कंटाळा आला. प्रामाणिकपणे सांगतो. चकाकतं एक झालं, दोन झालं, पंधराव्या गाडीनंतर सगळ्यांचा रंग एकच दिसायला लागतो. पाट्या वाचून झाल्या, दोरीच्या अलीकडून वाकून आत डोकावून झालं. बंद गाडीसमोर माणूस करणार काय?

सुटका केली ती एका फोर्ड मॉडेल टीने. किंवा तिच्या मालकाने. पन्नाशीचा गृहस्थ, बाह्या दुमडलेल्या, नखांत ग्रीस. पाच-सहा पोरं जमलेली बघून त्याने विचारलं, ‘‘सुरू करून दाखवू?’’ हो म्हणायच्या आत त्याने दोरी सोडली.

आधी त्याने स्टिअरिंगखालच्या दोन दांड्या दाखवल्या. एक थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करायची. दुसरी ठिणगी मागेपुढे करायची. इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारताना ठिणगी उशिरा पडली पाहिजे, म्हणून ती आधी मागे घ्यायची. हे विसरलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल मनगट मोडतं. मग तो पुढे आला, रेडिएटरशेजारची चोकची तार ओढून धरली आणि हँडल सावकाश वर ओढलं, एकदा, दोनदा. इंजिनात पेट्रोल ओढलं जाताना फुसफुस ऐकू आली. मग आत जाऊन स्विच चालू केला. पुन्हा पुढे. पोरांना पंजा उघडून दाखवला: अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वेढा घालायचा नाही. डाव्या हाताने, खालून वर, एकच हिसडा.

काही नाही. दुसरा हिसडा. एक खोकला आणि निळसर धूर. तिसऱ्याला गाडी धरली.

ती सुरू झाल्यावर जे होतं ते कुठल्याही फोटोत येत नाही. मडगार्ड थरथरायला लागले, दिव्यांच्या काचा खुळखुळल्या, पुढच्या काचेतलं आकाश हलायला लागलं. इतका वेळ वस्तू असलेली ती आता कुठेतरी निघायच्या घाईत होती. मालक धावत आत गेला, ठिणगीची दांडी खाली ओढली, आणि खडखड ओसरून इंजिन एका लयीत आलं. जमलेल्या एका लहान पोरीने कानांवर हात ठेवले होते, पण ती मागे सरकत नव्हती.

मॉडेल टीविषयी आकडे सगळ्यांनाच ठाऊक असतात. 1908 ते 1927, दीड कोटीहून जास्त गाड्या. 1913 पासून सरकत्या साखळीवर जुळणी. 1914 ते 1925 रंग फक्त काळा. पण ती चालवायची कशी हे बघितल्याशिवाय पटत नाही. पायाखाली तीन पेडल, आणि त्यांतलं एकही आजच्या जागी नाही. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, सोडलं की दुसरा, अर्ध्यात धरलं की न्यूट्रल. मधलं रिव्हर्सचं. उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर हाताने. टाकी सीटखाली आणि पंप नाही, पेट्रोल आपलं उतारावरून कार्बोरेटरकडे जाणार. त्यामुळे टाकीत थोडंच उरलं असेल आणि चढ खडा असेल तर पेट्रोल पुढे पोचायचं नाही. मग लोक गाडी फिरवायचे आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचे. सारथी हे ऐकून इतका वेळ त्या पेडलांकडे बघत उभा राहिला की मालकाने त्याला आत बसवलं. बाहेर आला तेव्हा त्याचं म्हणणं असं की, ज्यांनी ही गाडी आधी शिकली त्यांना आमची गाडी चालवताच आली नसती. खरंच होतं ते.

हे हँडल गेलं ते चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरमुळे. 1912 च्या कॅडिलॅकवर तो पहिल्यांदा आला. मनगटं वाचली. गाडी सुरू करायला दंडात जोर असलाच पाहिजे ही अट गेल्यामुळे मोटार कितीतरी जास्त लोकांची झाली. जुन्याच्या प्रेमात हे विसरू नये. काकांच्या गाडीचं मला कितीही कौतुक असलं तरी रोज सकाळी कामाला निघताना हिसडे मारायची माझी तयारी नाही.

एका मॉरिस मायनरपाशी मिस्त्रीने आम्हाला मुद्दाम नेलं. गोल गुटगुटीत, बघताच आवडावी अशी. त्याने बॉनेटच्या मधोमध समोरून मागे जाणारी एक सपाट पट्टी दाखवली. 1948 साली ही गाडी बाजारात यायच्या बेतात असताना तिचा आराखडा करणाऱ्या ॲलेक इसिगोनिसला तिची रुंदी खटकायला लागली. त्याने नमुन्याची गाडी उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे भाग लांब सरकवून बघितले, आणि चार इंच वाढवल्यावर प्रमाण बरोबर वाटलं. तोवर बंपर तयार होऊन आलेले! मग ते मधोमध कापून जोडपट्टी घातली. सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरवर ती दिसते, आणि बॉनेटवरची सपाट पट्टी ही त्याच चार इंचांची खूण. मी कितीदा तरी या गाडीचे फोटो बघितले असतील, पट्टी कधी नजरेत भरली नव्हती. मिस्त्रीने मालकाची परवानगी घेऊन तिच्यावरून बोट फिरवलं. दारामागच्या खांबातून बाहेर पडणारा दिशादर्शक हातही मालकाने टकटक करून दाखवला. एक बाजूचा निघाला, दुसऱ्या बाजूचा बुक्की मारल्यावर.

दुपारी मंडपाच्या सावलीत आमचं भांडण झालं. खरं भांडण, आवाज चढवून. कारण दोन शेजारी शेजारी उभ्या गाड्या. दोन्ही तीसच्या दशकातल्या, एकाच कंपनीच्या. एक कारखान्यातून काल निघाल्यासारखी, किंबहुना कारखान्यातून निघताना नव्हती इतकी गुळगुळीत. दुसरी कधीच नव्याने न रंगवलेली. तिच्या सीटचं चामडं तडकून आतले घोड्याचे केस डोकावत होते. पायऱ्यांचं रबर झिजलेलं. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेवर एक वीतभर जागा अशी, जिथे रंग, त्याखालचा अस्तराचा रंग आणि मग पत्रा, असे एकात एक थर दिसत होते. कुणीतरी वर्षानुवर्षं काच खाली करून कोपर तिथे टेकवून गाडी चालवली होती. मी माझं कोपर त्या उंचीवर धरून बघितलं. माणूस माझ्यापेक्षा बुटका असावा.

सारथ्याचं म्हणणं, ही हेळसांड आहे. हातात पैसा असेल तर गाडी नव्यासारखी करणं हाच तिचा मान. मिस्त्री भडकला. त्याच्या मते रंग, चामडं, लाकूड, सगळं बदललं की उरते ती त्या गाडीची प्रतिकृती. हा वाद आमचाच नाही. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला 1950 पासून जगातल्या देखण्या गाड्यांची स्पर्धा भरते, तिथे अनेक वर्षं चकचकीत नूतनीकरणाचाच बोलबाला होता. आता तिथेही हात न लावलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट आहे. मूळचा रंग एकदा खरवडला की तो कुठल्याच डब्यातून परत आणता येत नाही, हे उशिरा का होईना पटलं.

मी मिस्त्रीच्या बाजूचा, पण पूर्ण नाही. त्या काळच्या कितीतरी गाड्यांचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा असे, वर पत्रा ठोकलेला. लाकूड आतून पोखरलं असेल तर वरच्या रंगाची पूजा करून उपयोग काय? गंज म्हणजे इतिहास नव्हे. दार धडपणे बंद होत नसेल तर ते आधी दुरुस्त करावं. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात. त्या मूळच्या आहेत म्हणून जपल्या तर एक दिवस अख्खी गाडी पेटेल. चालण्यासाठी जे लागतं ते बदला, दिसण्यासाठी जे आहे ते शक्य तितकं राहू द्या, इथवर मी येऊन थांबतो. मास्तरने दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘यातली आज आपल्या पायाने कोण आली?’’

जाऊन विचारलं. कोपर झिजलेली. दुसरी ट्रेलरमधून.

काकांची हिरवी गाडी शेवटच्या रांगेत सापडली. रेडिएटरच्या जाळीत वाटेतले किडे अडकलेले, टोपणावर तापमापक. हा तापमापक थेट ड्रायव्हरला दिसेल असा रेडिएटरच्या डोक्यावरच बसवत, कारण पाणी उकळायला लागलंय हे वेळेत कळणं गरजेचं असे. इंजिनाखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तेलाचे थेंब. फोटो काढायला फारसं कुणी नव्हतं. काकू खुर्ची टाकून वाचत बसलेल्या. आम्ही रस्त्यात मागे होतो हे सांगितल्यावर काका म्हणाले, ‘‘तुम्हीच का ते? पुढे का नाही काढलीत?’’ आणि काकू पुस्तकातून मान न काढता म्हणाल्या, ‘‘सगळेच काढतात, तेव्हा तुम्ही चिडता की.’’

बक्षिसं जाहीर झाली. पहिलं अर्थातच त्या गुळगुळीत गाडीला. बहुतेक प्रेक्षक इथेच निघतात, आणि माझ्या मते इथेच चुकतात. अशा प्रदर्शनाचा सगळ्यात चांगला तास बक्षिसांनंतरचा. दोऱ्या निघतात, बॉनेट उघडतात, पाट्या डिकीत जातात आणि मैदानभर एकेक इंजिन जागं होतं. दिवसभर एका ओळीत गप्प उभ्या असलेल्या गाड्यांचे आवाज वेगवेगळे निघतात. एक जड आणि सावकाश, एक शिवणयंत्रासारखी, एक सारखी शिंकणारी. नाक पेट्रोलने भरतं. मालक एकमेकांना ओरडून मागे काय आहे ते सांगत असतात. हिरवी गाडी एका हँडलमध्ये सुरू झाली आणि काका-काकू हात बाहेर काढून वळले, गेले.

बक्षीसवाली मात्र सुरू होईना. बॅटरी बसलेली. वर्षातून मोजकेच दिवस बाहेर निघणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार? हँडल होतं, पण ते दिवसभर मखमलीवर मांडलेल्या हत्यारांच्या पेटीत. मारायला कुणी धजेना. ट्रेलरवाला पलीकडे पट्टे घेऊन उभा. शेवटी मालकाने आमच्याकडे बघितलं. धक्का मारायचा, पण रंगाला हात लावायचा नाही! त्याने पिवळी मऊ फडकी वाटली आणि कुठे धरायचं ते दाखवलं. आम्ही चौघे, मॉडेल टीवाला आणि कोपर झिजलेल्या गाडीची मालकीण, फडक्यांवर तळवे टेकवून उभे राहिलो. मास्तर म्हणाला, ‘‘बर्थाबाईंच्या पोरांना निदान फडकी तरी नव्हती.’’

गवतावरून ती जड गाडी हलायलाच वेळ लागला. मग चाकांनी वेग घेतला, मिस्त्री ओरडला, ‘‘सोडा क्लच!’’ गाडीने एक मोठा आचका दिला, आम्ही सगळे तिच्यावर आपटता आपटता वाचलो, आणि तिच्या पोटातून भारदस्त असा घरघराट निघाला. मालकाने वळून बघितलं. दिवसभर फडकं हातात घेऊन बोटांचे ठसे पुसणारा हा माणूस तोंडभर हसत होता. ट्रेलरची फळी समोरच टेकवलेली होती. त्याने स्टिअरिंग फिरवलं, फळीला बगल दिली, मैदानाला एक फेरी मारली, मग दुसरी, आणि तिसऱ्या फेरीला उघड्या फाटकातून सरळ रस्त्यावर गेला.

ट्रेलरवाला थोडा वेळ फाटकाकडे बघत राहिला. मग पट्टे खांद्यावर टाकून आमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘तुम्ही त्यांच्याबरोबरचेच ना? येतील ना परत?’’